घरातल्या रोजच्या वस्तूंमधले छुपे धोके : आधी कशाची काळजी घ्यावी?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. पुण्यात वारज्यातील आमच्या सोसायटीत नुकतीच घडलेली एक घटना हा धागा काढण्यास कारणीभूत ठरली. एका घरी कामाला येणाऱ्या मावशी न्हाणीघर घासत असताना एकाएकी खोकू लागल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि श्वास पुरेना म्हणून त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. त्या आता बऱ्या आहेत. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे पाणी येते आणि त्या जड पाण्याचे पांढरे थर फरशीवर बसतात. ते निघावेत म्हणून मावशींनी आधी ॲसिड ओतले होते आणि तेवढ्याने भागेना, म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली होती. या दोन्ही वस्तू आमच्या घरातही आहेत, आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरातही असतील.

त्यानंतर सोसायटीच्या गटावर इशाऱ्यांचा नुसता सुळसुळाट झाला. कोणी नॉनस्टिक तवा फेकून द्या म्हणते, कोणी प्लास्टिकचे डबे, कोणी टूथपेस्ट, कोणी उदबत्ती. सगळ्याचीच सारखी भीती बाळगली, तर माणूस शेवटी कशाचीच काळजी घेत नाही. म्हणून माझा प्रश्न असा, की ज्या घराकडे वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे आहेत, त्याने सर्वांत आधी काय बदलावे? कृपया ऐकीव माहिती न देता कारणासह लिहावे.

रसायनमित्र

मावशींच्या फुप्फुसांत गेला तो क्लोरीन वायू. ब्लीचिंग पावडरीत कॅल्शियम हायपोक्लोराइट असते, तर बाटलीतल्या द्रवरूप ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. संडास स्वच्छ करण्याच्या पुष्कळशा द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि फरशीसाठी मिळणारे सुटे ॲसिडही सहसा तेच असते. हायपोक्लोराइटवर आम्ल पडले की क्लोरीन मोकळा होतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने ईप्रच्या रणभूमीवर सोडला होता, तो हाच वायू.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, ती येथे मुद्दाम सांगतो. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे तो आधी जमिनीलगत साचतो. आपल्याकडे न्हाणीघर उकिडवे बसून घासतात. म्हणजे घासणाऱ्या बाईचे नाक नेमके त्या थरात असते, आणि दारात उभ्या असलेल्या घरमालकाला मात्र केवळ उग्र वास येतो. त्यामुळे ‘मला तर काही झाले नाही’ या म्हणण्याला अशा वेळी काहीही अर्थ नसतो.

शिवाय या मिश्रणाने स्वच्छताही वाढत नाही, कारण दोन्ही द्रव्ये एकमेकांशी अभिक्रिया करण्यातच खर्ची पडतात. पांढरे थर क्षारांचे असतात आणि त्यांवर आम्लच चालते. ब्लीचचा त्यांवर परिणाम होत नाही. ब्लीच जंतू मारते आणि रंग उडवते, पण क्षार विरघळवत नाही. ज्या दिवशी एक वापरले, त्या दिवशी दुसऱ्याला हात लावू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुरे. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रवही ब्लीचमध्ये मिसळू नयेत, कारण त्यांपासून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात.

मुठाकाठ

असे कोणाला झालेच, तर घरच्यांनी पहिल्या पाच मिनिटांत काय करावे?

फुप्फुसवैद्य

@मुठाकाठ, त्या व्यक्तीला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि डोळे वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावेत. मिश्रण आवरण्यासाठी कोणीही पुन्हा आत जाऊ नये. बाहेरून खिडकी उघडता येत असेल तर तेवढी उघडावी. श्वासाचा त्रास थांबत नसेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. क्लोरीन अधिक प्रमाणात गेला असेल, तर फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो. म्हणून खोकला ओसरला तरी त्या दिवशी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, आणि दम्याच्या रुग्णाने तर डॉक्टरांना दाखवूनच घ्यावे.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की सुरुवात न्हाणीघरापासूनच करावी. मात्र तिथे ॲसिडपेक्षाही मला अधिक चिंता वाटते ती गॅस गीझरची. दर हिवाळ्यात आंघोळ करताना बेशुद्ध पडलेले तरुण, धडधाकट रुग्ण आमच्याकडे येतात आणि काही येण्यापूर्वीच गेलेले असतात. न्हाणीघर लहान, झरोका थंडीमुळे बंद आणि गीझर आतच बसवलेला, अशा ठिकाणी ज्योतीला प्राणवायू अपुरा पडतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, त्यामुळे ‘गॅस असता तर वास आला असता’ असे लोकांना वाटते; परंतु गळणारा गॅस निराळा आणि जळून निर्माण होणारा हा वायू निराळा. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायांतील बळ जाते, आणि कडी काढण्याइतकीही ताकद उरत नाही.

करोनाकाळानंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत. या विषबाधेत त्यांवर विसंबून राहू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त या यंत्राला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच भासते, त्यामुळे रुग्ण गुदमरत असतानाही आकडा ९८ दिसू शकतो.

कारभारीण

ऑक्सिमीटरची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आत्ताच भावाला कळवली. त्यांच्याकडे गीझर न्हाणीघरातच आहे.

मला ज्या धोक्याबद्दल लिहायचे आहे, तो बाटलीचा आहे. आमच्या भागात दारावर फिनेल आणि ॲसिड विकणारे येतात आणि ते शीतपेयाच्या जुन्या बाटल्यांतून माल देतात. बाटलीवर मूळ पेयाचे वेष्टनही कधीकधी तसेच असते. आमच्या शेजारच्या लहान मुलाने अशा बाटलीतले ॲसिड तोंडाला लावले. एकच घोट गेला, तरी अन्ननलिका इतकी भाजली की ती रुंद करण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा रुग्णालयात न्यावे लागते. त्या माउलीची अवस्था पाहवत नाही. तेव्हापासून मी दारावर येणाऱ्याकडून काहीही घेत नाही, आणि कोणी घेतलेच तर निदान खाण्यापिण्याच्या बाटलीत ते ठेवू नये, असे ज्याला त्याला सांगते.

फुप्फुसवैद्य

@कारभारीण यांच्या अनुभवाला थोडी जोड देतो. ॲसिड किंवा तुंबलेले नळ मोकळे करण्याची दाहक पावडर पोटात गेली, तर ओकारी काढू नये. जे जाताना भाजते ते वर येतानाही भाजते. लिंबूपाणी किंवा खाण्याचा सोडा देऊन ते ‘मारण्याचा’ प्रयत्नही करू नये. तोंड धुवावे आणि रुग्णालय गाठावे. सोबत ती बाटली किंवा वेष्टन न विसरता न्यावे, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

उंदीर मारण्याच्या पेस्टबद्दलही लिहिले पाहिजे. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो आणि ती टूथपेस्टसारख्या नळीत मिळते. पोटात गेल्यावर सुरुवातीला थोडी मळमळ होते आणि मग एखाद-दोन दिवस रुग्ण अगदी ठीक दिसतो. घरचे निर्धास्त होतात, आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. यावर उतारा नाही. ही वस्तू घरात असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उंदरांसाठी पिंजरा लावावा.

तिखटमीठ

वरील माहिती उपयुक्त आहे, हे मान्य करूनही मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. आपल्या आजी-पणजीच्या घरात डांबरगोळ्या होत्या, कापूर होता, धूप होता, आणि तरीही माणसे नव्वदी गाठत होती. आज प्रत्येक वस्तूत विष शोधण्याची सवय लागली आहे, आणि त्या भीतीचा फायदा ‘केमिकलमुक्त’ अशी पाटी लावून दुप्पट दराने माल विकणारे घेत आहेत. शक्य तिथे जुन्या, नैसर्गिक वस्तूंकडे वळावे, ॲसिडऐवजी व्हिनेगर वापरावे, एवढे सोपे उत्तर का असू नये?

रसायनमित्र

@तिखटमीठ, भीतीच्या बाजाराबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. परंतु व्हिनेगरही आम्लच आहे आणि ब्लीचमध्ये मिसळल्यास त्यापासूनही क्लोरीन निघतो. पदार्थ झाडापासून आला की कारखान्यातून, यावर त्याचा विषारीपणा ठरत नाही. डोळ्यांत घालण्याचा पारंपरिक सुरमा अनेकदा गॅलिना या खनिजापासून केलेला असतो, आणि गॅलिना म्हणजे लेड सल्फाइड, शिशाचे संयुग. तो संपूर्णपणे नैसर्गिक आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला तितकाच घातक आहे.

गोधडी

डांबरगोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर नवजात शिशूंच्या विभागात बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केल्याने मला येथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपल्याकडे घरात बाळ येणार असले की ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली मऊ लुगडी आणि आजीच्या हातची गोधडी बाहेर निघते. तिच्या घड्यांत वर्षानुवर्षे डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. त्या गोधडीत बाळाला गुंडाळून, कान झाकून, खोलीची दारे लावून घेतली जातात. या गोळ्यांत नॅप्थलीन असेल, तर त्याची वाफ बाळाच्या श्वासातून आणि कोवळ्या त्वचेतून शरीरात जाते. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते. पारशी आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण अधिक आढळते, पण ते कोणत्याही घरात असू शकते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटू लागतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर ती मेंदूपर्यंत पोहोचते. तान्ह्या बाळाला थोडीफार कावीळ होतच असते, म्हणून घरचे वाट पाहतात, आणि बाळाच्या अंगाखालच्या गोधडीकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

गोधडी टाकून द्यावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. बाळ येण्याच्या कितीतरी आधी ती बाहेर काढावी, पुन्हा पुन्हा धुवावी, वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्या-उन्हात टाकावी, आणि बाळाच्या कपड्यांच्या कपाटात एकही गोळी ठेवू नये. कसर लागू नये म्हणून कपडे स्वच्छ धुऊन, खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तरी पुरते.

गोळ्यांऐवजी कापूर, असा पर्यायही सांगितला जातो. कपाटात तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. परंतु सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधणे किंवा छातीला कापराचे तेल चोळणे टाळावे. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फार लवकर झटके येतात, आणि गळ्यातली पुरचुंडी तोंडात जायला कितीसा वेळ लागतो?

तिखटमीठ

@गोधडी, आपण इतक्या तळमळीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. माझी सून या महिन्याच्या अखेरीस बाळंतपणासाठी माहेरी जाणार आहे. हा प्रतिसाद मी दोन्ही घरी वाचून दाखवणार आहे.

पर्वतीपायथा

डासांसाठीच्या कॉइलबद्दल अजून कोणीच कसे लिहिले नाही? आमच्याकडे संध्याकाळी खिडक्या बंद करून कॉइल लावतात आणि त्याच खोलीत मुले अभ्यासाला बसतात. पण ती लावू नका, असे तरी कोणत्या तोंडाने सांगावे? २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि पुढे शहरात ते वाढत गेले. डेंगी तर दरवर्षीचाच आहे.

फुप्फुसवैद्य

@पर्वतीपायथा, आपला पेच खरा आहे. आपल्या पुण्यातीलच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने हा धोका अनेकदा मांडला आहे, की बंद खोलीत एक कॉइल पूर्ण जळाली, तर सुमारे शंभर सिगारेटींइतका धूर श्वासावाटे जातो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी आणि मलेशियन कॉइलींच्या अभ्यासात सूक्ष्म कणांच्या हिशेबाने हा आकडा ७५ ते १३७ सिगारेटी असा निघाला होता. हा दोष कीटकनाशकापेक्षा धुराचा अधिक आहे. कॉइल मुख्यतः लाकडाचा भुसा आणि नारळाच्या करवंटीचा चुरा यांसारख्या वस्तूंची असते आणि ती तासन् तास धुमसत राहते. धूप आणि उदबत्तीचा धूरही याच जातीचा असतो, हे कोणाच्या श्रद्धेला न दुखवता सांगावेसे वाटते. देवापुढे लावताना खिडकी उघडी असावी, इतकेच.

झिका आणि डेंगी पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्री लावलेली कॉइल तिथे अपुरीच पडते. खिडक्यांना जाळ्या, बाळासाठी दिवसाही मच्छरदाणी आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी दर आठवड्याला ओतून देणे, यांवर खर्च करावा.

रसायनमित्र

यात आणखी एक भर. ‘डास पळवणारी उदबत्ती’ या नावाने साध्या वेष्टनात मिळणाऱ्या कांड्या शक्यतो घेऊच नयेत. घरगुती कीटकनाशकालाही १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी लागते. वेष्टनावर नोंदणी क्रमांक आणि टोकावर उभा केलेला चौकोन पाहावा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग तांबडा असेल तर द्रव्य अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. ज्या पुडीवर यातले काहीच नाही, तिच्यात कोणते द्रव्य किती घातले आहे, हे कळण्यास मार्ग नसतो.

जुनावाडा

आमच्या सदाशिव पेठेतल्या घराचे रंगकाम सुरू आहे. कारागीर जुन्या दारांचा ऑइल पेंट कोरडाच घासत आहेत आणि घरभर पांढरी धूळ उडते आहे. या धुळीत काही धोका असतो का?

रसायनमित्र

@जुनावाडा, काम आजच थांबवावे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक नसावे, हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांवर असे बंधन नव्हते, आणि जुन्या दारांवर तर थरांवर थर असतात. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानलेली नाही. बुद्धीच्या वाढीवर होणारा त्याचा परिणाम पुढे भरून निघत नाही. रंग घासायचाच असेल तर पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, खोली प्लास्टिकच्या कापडाने बंद करावी, मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना काम संपेपर्यंत दुसरीकडे ठेवावे, आणि नंतर धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कारागिरांनाही चांगला मास्क द्यावा. तेही घरी मुलांना कुशीत घेतात आणि कपड्यांवरची धूळ तिथवर जाते.

मुठाकाठ

गटावर ज्या नॉनस्टिक तव्याचा उल्लेख झाला, तो टाकायचा की ठेवायचा?

कारभारीण

मी ठेवला आहे. रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत ठेवत नाही, एवढेच पथ्य पाळते.

रसायनमित्र

@कारभारीण यांचे पथ्य योग्य आहे. तव्यावरचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच त्याच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि मग निघणाऱ्या वाफांनी माणसाला तापासारखी कणकण येते. पिंजऱ्यातले पक्षी तर त्यांनी दगावतात. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असेल तर विशेष जपावे. खरवडलेल्या लेपाचा कण चुकून पोटात गेला, तर तो न पचता तसाच बाहेर पडतो. माझ्या यादीत हा तवा बराच खाली आहे. त्यापेक्षा अमृततुल्यमधून प्लास्टिकच्या पातळ पिशवीत वाफाळता चहा आणणे आणि वर्तमानपत्राच्या कागदावर गरम भजी काढणे, या सवयी आधी सोडाव्यात. छपाईच्या शाईबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच इशारा दिला होता.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला आता बरेच स्पष्ट झाले आहे. जे मिनिटांत जीव घेऊ शकते, ते आधी, म्हणजे न्हाणीघरातला गॅस गीझर, ॲसिड आणि ब्लीच, आणि मुलांच्या हाताला लागणाऱ्या बाटल्या. त्यानंतर वर्षानुवर्षे साचत जाणारा धूर आणि शिसे. मावशींच्या घरी जाऊन आम्ही त्यांची विचारपूस केली. औषधपाण्याचा खर्च ज्यांच्याकडे हे घडले त्या घराने उचलला आहे, आणि ते योग्यच झाले. ॲसिड व ब्लीच एकाच दिवशी वापरू नये, अशी मोठ्या अक्षरांतली सूचना मराठी आणि हिंदीत प्रत्येक मजल्यावर लावणार आहोत. ज्या मावशींना वाचता येत नाही, त्यांना घरोघरी प्रत्यक्ष सांगायचे ठरले आहे.

गीझरबद्दल एक शंका उरली आहे. आमच्या इमारतीत बऱ्याच जणांनी तो न्हाणीघराबाहेर, डक्टमध्ये, म्हणजे न्हाणीघरांलगतच्या उभ्या पोकळीत बसवला आहे. मग ते पुरेसे सुरक्षित समजावे का?

नळजोड

@उंबरठा, मी इमारतींच्या नळकामाची आणि वायुवीजनाची कामे पाहतो. न्हाणीघराच्या आत असण्यापेक्षा हे बरे, पण पुरेसे सुरक्षित नाही. डक्ट वरून खुला आहे का, हे आधी गच्चीवर जाऊन पाहावे. पावसाचे पाणी येते म्हणून अनेक सोसायट्या त्यावर पत्रा टाकून तो बंद करतात. मग खालच्या मजल्यावरच्या गीझरचा जळका वायू डक्टमध्ये कोंडून राहतो आणि वरच्या मजल्यावरच्या झरोक्यातून, ज्यांच्याकडे गॅस गीझर नाहीच, त्यांच्याही न्हाणीघरात शिरू शकतो. वर कोणी हवा बाहेर फेकण्याचा पंखा उलटा बसवलेला असेल, तर तो हा वायू आत ओढूनच घेतो.

पत्रा काढून त्याजागी बाजूंनी मोकळे, उंच छप्पर करून घ्यावे. गीझर कोरड्या बाल्कनीत, उघड्या हवेत नेता आला तर सर्वांत चांगले. ज्योत पिवळी दिसत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तो बंद ठेवावा; ती निळीच असली पाहिजे. आणि हे सर्व थंडी सुरू होण्यापूर्वी करावे, कारण थंडीत झरोके बंद होतात.

उंबरठा (धागाकर्ता)

आत्ताच गच्चीवर जाऊन आलो. आमच्या चारपैकी तीन डक्टांवर पत्रा आहे. उद्या सकाळी सचिवांना घेऊन पुन्हा वर जातो, आणि पत्रे निघेपर्यंत त्या तीन डक्टांवरचे गीझर बंद ठेवावेत, असे आज रात्रीच घरोघरी सांगतो.